साहेब जेवत नाहीत

आईला मासा चावला ही बातमी बारकीला कळली तेव्हा ती काचेच्या अलीकडे बसली होती. काचेच्या पलीकडे, आवाजबंद खोलीत, एक शिवणकाम करणाऱ्या बाई कानांवर हेडफोन चढवून आणि हातातलं बटण घट्ट धरून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होत्या. सूर ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच त्यांचं काम. आणि सूर सोडायचा, तो बारीक बारीक करत न्यायचा आणि बटण कुठवर दाबलं जातं ते बघायचं, एवढंच बारकीचं. टेबलावर फोन थरथरला. कामात असताना ती फोन बघत नसे, पण बाबा गेल्यापासून आईचं नाव दिसलं की राहवत नसे, म्हणून तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ‘मासा चावला. रक्त थांबलं. जमलं तर ये. घाई नाही.’ आईचे निरोप असेच असत, शब्दाला पैसे पडत असल्यासारखे. बारकीने ते पुन्हा वाचलं आणि ‘घाई नाही’पाशी येऊन तिला एकदम हसू फुटलं, नाकातून, चांगलं आवाजासकट. त्याच क्षणी पलीकडच्या बाईंनी बटण दाबलं. बारकीने सूर सोडलाच नव्हता, आणि हसणं त्या खोलीत पोचणं शक्य नव्हतं. पण कान गेल्याची धास्ती घेतलेली माणसं शांततेतही बटण दाबतात, हे तिला सवयीने माहीत होतं. तिने काचेतून मान हलवून बाईंना धीर दिला, तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आणि सूर सोडता सोडता तिच्या लक्षात आलं की आपण हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि तेही आईला मासा चावला म्हणून.

मासा म्हणजे साहेब. बारकीच्या माहेरच्या पुढच्या खोलीत एक अख्खी भिंत अडवून जी काचेची टाकी होती, तिच्यात साहेब एकटे राहत. सिक्लिड जातीचे, हातभर लांबीचे, चंदेरी-पिवळ्या अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके आणि खालचा जबडा पुढे आलेला. दुकानातून आणले तेव्हा ते बोटाएवढे होते, पण जबडा तेव्हाही असाच होता. पिशवीतून त्यांनी बाबांकडे असं काही पाहिलं की बाबा म्हणाले, हा तर माझा पहिला साहेब, आता रजेचा अर्ज फेटाळणार. बाबा दातांच्या कवळ्या बनवत. दुसऱ्यांच्या तोंडांचे साचे घेऊन दिवसभर मेणात आणि प्लॅस्टरमध्ये बसणारा हा माणूस, घरी आला की बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघे; बारकी पुढे कान तपासायला लागली आणि तिलाही समोरच्याचा कान आधी दिसायला लागला. आई म्हणे, या घरात माणूस अख्खा बघणारी मी एकटीच. ती स्वतः आयुष्यभर बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती, तेव्हा तिचं म्हणणं कितपत खरं धरायचं यावर जेवताना वाद होत. बारकीची उंची वाढत वाढत बाबांच्या वर गेली, तिला स्वतःचं घर झालं, केसांत पांढरं आलं, तरी ती बारकीच राहिली. आणि साहेब, जे खरोखर बारके म्हणून घरात आले होते, ते पहिल्या दिवसापासून साहेब.

साहेबांना शेजार चालत नसे. बाबांनी दोनतीनदा सोबतीला दुसरे मासे आणून पाहिले. त्यासाठी आधी टाकीतले सगळे दगड हलवायचे, सगळी मांडामांड बदलायची. म्हणजे कोणाचीच जागा जुनी राहत नाही, जुना आणि नवा दोघंही सारखेच बावरलेले असतात आणि मारामारी टळते, अशी या छंदातली रीत. बाबा बाह्या सरसावून दुपारभर दगड हलवत, आई खुर्चीत बसून जमिनीवर सांडलेल्या पाण्याचा हिशेब तोंडाने मोठ्याने ठेवत असे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्याची शेपटी अर्धी नाहीतर डोळा गायब. शेवटी बाबांनी नाद सोडला. ते एकट्या साहेबांची बडदास्त ठेवू लागले. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली की साहेब काचेच्या या टोकाला हजर, पाळलेल्या कुत्र्यासारखे सगळं अंग हलवत. बाबा हात धुऊन, त्यांच्या कामाच्या पेटीतला लांब चिमटा घेऊन, एकेक कोळंबी पाण्यावर धरत आणि साहेब ती उसळी मारून ओढून नेत. बारकी रोज त्याच सुमाराला फोन करी. दवाखान्यात काय झालं, कोण काय चुकीचं ऐकून काय उत्तर देऊन गेलं, ते सांगे. बाबांच्या आवाजामागे टाकीच्या पंपाची घरघर ऐकू येई, खालच्या पट्टीतली, किंचित खडबडीत, आणि मध्येच पाण्याचा सपकारा. ‘थांब, साहेब जेवतायत,’ असं म्हणून बाबा फोन बाजूला ठेवत, आणि ती थांबे. आता आईच्या आवाजामागेही तीच घरघर असे. बारकीला तिची पट्टी सांगता आली असती. व्यवसायच तो होता. पण हल्ली ती ऐकू आली की ती फोन कानापासून थोडा दूर धरी.

कारण असं, की साहेब जेवत नव्हते. बाबा गेल्यावर पहिले काही दिवस त्यांनी आईच्या हातचं, म्हणजे आईने लांबून टाकलेलं, नाइलाज म्हणून खाल्लं. मग कमी केलं. मग टाकीच्या दूरच्या कोपऱ्यात, दोन मोठ्या दगडांच्या आड जाऊन राहिले. कुलपात किल्ली फिरली तरी येईनात. अंगावरचं पिवळं मावळलं, पोटाकडून आणि गळ्याकडून काळोखी चढत गेली, ठिपके त्या काळ्यात बुडाले. बारकीने ते पाहिलं आणि तिला वाटलं, कळलं याला. मालक मेल्यावर अन्नपाणी सोडणाऱ्या कुत्र्यांबद्दल तिने वाचलं होतं, हत्तींबद्दल वाचलं होतं, जोडीदार गेल्यावर चोच न उघडणाऱ्या पक्ष्यांबद्दल वाचलं होतं. माशांबद्दल कोणी लिहिलं नव्हतं ते लिहिणाऱ्यांनी लक्ष दिलं नसेल म्हणून. खरं सांगायचं तर तिला त्याचा आधार वाटला होता. तिची स्वतःची पंचाईत अशी झाली होती की तिचं काहीच बिघडलं नव्हतं. ती चार दिवसांत कामावर रुजू झाली. तिला झोप लागत होती, भूक लागत होती. एकदा तर बाबांचे कपडे घड्या घालून ठेवताना तिला जांभई आली आणि ती खिडकीशी जाऊन कितीतरी वेळ उभी राहिली, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून. लोक भेटायला येत, तिच्या चेहऱ्याकडे बघत, आणि ती त्यांना चहा देई. घरात कोणीतरी रीतसर दुःख करायला हवं होतं आणि ते साहेब करत होते. दगडाआड, काळेठिक्कर पडून, तोंड फिरवून. ती माहेरी गेली की आधी टाकीपाशी उभी राही आणि मनात म्हणे, बरोबर आहे तुमचं. आणि मग तिला भीती वाटे. असाच हा मासा वाळत जाणार आणि एक दिवस पोट वर करून तरंगणार, त्याच खोलीत, आईच्या समोर. आणि ते दुसरं मरण मात्र आपल्याला झेपणार नाही, पहिल्याचं सगळं राहिलेलं त्याच्यात येऊन मिळेल. म्हणून सगळं तिनेच ठरवलं. आईने हे घर सोडून तिच्याकडे यायचं. तिच्याकडे रिकामी खोली होती. टाकी तिच्या दारातून आत आली नसती, तेव्हा साहेबांना ज्याच्याकडून आणलं त्या दुकानदाराने घेऊन जायचं. शनिवार ठरला. आई हो म्हणाली. कशालाच नाही म्हणाली नाही. खोकी आणली, चिकटपट्टी आणली, आणि रोज थोडं थोडं भरत गेली, दुसऱ्या कोणाचं तरी सामान बांधत असल्यासारखी.

शिवणकामवाल्या बाईंचा कान उत्तम निघाला. त्या इतक्या खूश झाल्या की जाताना दाराऐवजी कपाटाकडे निघाल्या. बारकीने खोलीचा दिवा मालवला, हेडफोनच्या गाद्या पुसल्या आणि बस पकडली. बसमध्ये उभं राहून तिने चावण्याचा विचार केला. बाबांनी आईला बजावून ठेवलं होतं की टाकीत हात घालायचा नाही. याच्या घशातही दात आहेत, दोन जबडे आहेत, मी आयुष्यभर एका जबड्याचे दात केले आणि याच्याकडे जास्तीचा सेट. आणि आईने इतक्या वर्षांत टाकीला कधी फडकंसुद्धा लावलं नव्हतं. मग आजच का हात घातला, आणि साहेब, जे जेवायलाही बाहेर येत नव्हते, ते चावायला कसे आले? अन्न म्हणून चावले असतील तर चांगलंच आहे, असाही एक विचार तिच्या डोक्यात येऊन गेला, आणि आईच्या बोटाबद्दल आपण असा विचार करतो याचं तिला पुन्हा हसू आलं. शेजारच्या माणसाने तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता, खाली दुसरा बादली धरून उभा होता आणि दोघं कशावरून तरी भांडत होते. वरचा भांडता भांडता पाटी पुसत होता, नीट, कोपरे काढून.

आईने दार उघडलं तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पांढरी पट्टी होती, वॉर्डातल्यासारखी, टोक आत खोचलेली. चेहरा मात्र कसातरीच दिसत होता. बारकीला आधी तो ओळखू येईना. मग लक्षात आलं की आई काहीतरी दाबून धरते आहे. चहा टाकते, मग दाखवते, असं ती म्हणाली. बोट तर समोरच आहे, दाखवायचं काय त्यात, असं बारकीने विचारलं.

‘बोट नाही गं.’

मग चहा टाकायचं राहिलंच. आई तिला टाकीच्या दूरच्या टोकाला घेऊन गेली आणि तिथे, खोक्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, दोघी गुडघ्यांवर बसल्या. बसल्या बसल्या आईने घडलेलं सांगितलं. काल टाकलेली कोळंबी दगडांशी तशीच पडून पाणी खराब करत होती. चिमटा कुठल्या खोक्यात गेला ते तिलाच आठवेना. शनिवारी माणूस येणार, आणि घाणेरड्या पाण्यातला मासा त्याच्या हातात द्यायचा तिला बरं वाटेना, म्हणून बाही वर करून हात घातला. हात अजून कोळंबीजवळ पोचलाही नव्हता. दगडाआडून साहेब जे आले ते, आईच्या शब्दांत, मेट्रन आल्यासारखे आले. ‘भुकेने नाही चावले. भुकेचं चावणं वेगळं असतं. हे म्हणजे, चला, व्हा बाहेर, भेटायची वेळ संपली.’ तेव्हा आईला शंका आली की दगडांमागे आहे तरी काय. असं म्हणून तिने विजेरी लावली आणि काचेला टेकवली.

दगडांमागे तळाशी एक पांढरी गुळगुळीत फरशी होती. साहेब खडी उपसून काढत, दगड कलंडत, आणि तळाची काच फुटेल म्हणून बाबांनी तिथे आपली जुनी फरशी घातली होती. चिनी मातीची, वीतभर, जिच्यावर ते दातांसाठी रंग कालवत. साहेबांनी तिच्यावरची खडी कधीतरी झाडून टाकली होती. इतकी स्वच्छ की फरशी नवी दिसत होती. आणि तिच्यावर, ओळींनी, एकमेकांना चिकटून, मोहरीहून किंचित मोठे, फिकट पिवळे, आरपार उजेड जाणारे दाणे होते. शेकडो. बाबांनी बसवले असावेत इतके नीट. त्यांच्यावर साहेब उभे होते, छातीचे दोन पंख हलवत, एकसारखे, खाली पाण्याची वाऱ्यासारखी झुळूक धरून.

‘अंडी घातलीत,’ आई म्हणाली. ‘साहेब बाई आहेत.’

आणि मग जे दाबून ठेवलं होतं ते सुटलं. आई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग ती खोक्याला टेकली, मग विजेरी खाली पडून सोफ्याखाली गेली. तुझे बाबा, एवढंच ती म्हणू शके आणि पुन्हा हसू येई. तुझे बाबा रोज समोर बसून. दातांचं सोळा प्रकारचं पांढरं वेगळं सांगायचे आणि. मग डोळे पुसत तिने विचारलं, त्यांना कधी काही ओळखू आलं होतं का? बारकीच्या वेळी तिला उलट्या होत होत्या तर पित्त झालं म्हणून आठवडाभर लिंबं आणून देत होते. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा म्हणाले, पण मग पित्ताचं काय? ही गोष्ट बारकीने कधी ऐकली नव्हती. हे सगळं ती ऐकत होती, आईचं हसणं बघत होती, आणि ती स्वतः हसत नव्हती.

कारण तिला लुबाडल्यासारखं झालं होतं. तिने पुन्हा काचेला नाक लावलं. ते काळवंडणं, ती उपासमार, ते तोंड फिरवून बसणं. यातलं काहीच बाबांसाठी नव्हतं. साहेबांना कामं होती. जागा निवडायची होती, झाडायची होती, पोट जड झालं होतं. खायला फुरसत कुणाला. कुलपात किल्ली कोणाची फिरते आणि कोणाची फिरत नाही, याच्याशी त्यांना आताशा देणंघेणं नव्हतं. ती इथे उभी राहून बरोबर आहे तुमचं म्हणत होती तेव्हा समोरचा जीव अंडी कुठे घालावी याचा विचार करत होता. एक क्षण तिला साहेबांचा राग आला, लहानपणी वाटणीत फसवल्यावर यायचा तसा, सणसणीत. आणि त्या रागाच्या आतून, कुठून कोण जाणे, दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. म्हणजे कोणीही मरायला टेकलं नव्हतं. या खोलीत इतके दिवस, पंपाच्या त्या घरघरीखाली, बाबांच्या फरशीवर, ज्याला ती मरण समजून फोन दूर धरत होती ते हे होतं. आणि मग तिला जांभई आठवली, खिडकीशी उभं राहणं आठवलं. मासा दुःखी नव्हता, आणि तरी बाबांच्या हातून रोज खाल्लेलं खोटं ठरत नव्हतं. सगळं अंग हलवत काचेशी येणं खोटं ठरत नव्हतं. मग जांभईनेच काय खोटं ठरत होतं? हा विचार तिने पुरा केला नाही. तो अर्ध्यातच राहिला, कारण साहेब, तिचं नाक काचेला टेकलेलं बघून, अंड्यांवरून उठून थेट तिच्या चेहऱ्यावर चालून आले, कल्ले फुगवून, आणि काच मध्ये आहे हे ठाऊक असूनही ती मागे पडली, खोक्यावर, आणि खोक्यात आईची पातेली होती त्यांचा जो आवाज झाला त्याने आई पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आता बारकीही हसत होती. आणि हसता हसता तिला एवढंच वाटत होतं की हे कोणाला तरी सांगायला हवं, आणि ते ज्यांना सांगायचं ते फोनवर नाहीत. ते वाटणंही हसण्याच्या मधेच आलं, आणि हसणं काही त्याने थांबलं नाही.

जाताना दारात ती म्हणाली की शनिवारी दुकानदार येणार आहे. आई म्हणाली, येऊ दे. त्या दोन शब्दांवर बारकीने पुढचा दिवस काढला. सरळ विचार केला तर काही बदललं नव्हतं. नर नव्हता, म्हणजे ती अंडी रिकामी होती. फरशी कितीही झाडा, पंख कितीही हलवा, त्यांतून काही निघणार नव्हतं. दुकानदाराकडे मोठ्या टाक्या होत्या, नर असेल, साहेबांचं, म्हणजे, त्यांचं भलंच होईल. आईचंही. रिकामी खोली, सकाळचं ऊन, खाली बाग. तिने हे सगळं इतक्या वेळा मनात मांडलं की ते दवाखान्यातल्या सूचनापत्रकासारखं वाटायला लागलं, सगळं खरं आणि कोणी न वाचणारं.

शनिवारी दुकानदार आला. झाकणाचा निळा पिंप, मोठी जाळी, गुडघ्यापर्यंतचे बूट. गोल, बोलका माणूस. बाबांना भाऊ म्हणायचा, आईला वहिनी. त्याने आधी खोक्यांकडे पाहिलं, मग टाकीकडे, आणि मग आईने त्याला फरशी दाखवली. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. नर म्हणूनच दिला होता, तो म्हणाला. भाऊंना शब्द दिला होता. कपाळ बघा, जबडा बघा, ठेवण बघा, नरच आहे.

‘अहो, अंडी आहेत ना समोर,’ आई म्हणाली.

‘ते आहे,’ तो म्हणाला. ‘पण ठेवण नराची आहे, वहिनी.’

आई त्याला म्हणाली की वॉर्डात तिने ठेवण बघून कोणाला घरी पाठवलं नव्हतं. मग त्याने हात जोडल्यासारखं केलं, पिंपात टाकीतलंच पाणी भरून घेतलं आणि स्टुलावर चढला. आई भिंतीशी उभी राहिली. तिच्या अंगावर बाहेर जायचे कपडे होते, हे बारकीने आता पाहिलं. पर्ससुद्धा काखेत होती. ती निघायला तयार होती. कोणी सांगितलं तर ती साहेबांच्या मागून जिना उतरून खाली आली असती आणि गाडीत बसली असती, आणि पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नसती. जाळी पाण्यात उतरली. एरवी पाणी बदलायच्या वेळी नुसती सावली पडली तरी साहेब टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी उडवत पळत. आज त्या हलल्या नाहीत. जाळी फरशीवर आली तशा त्या फरशीच्या आणि जाळीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, काळ्याभोर, सगळे पंख ताणून, होत्या त्याच्या दीडपट होऊन, आणि त्यांनी जाळीचा काठ तोंडात धरला. दुकानदाराने हिसका दिला. त्यांनी सोडला नाही. तो स्टुलावर वाकलेला, बाही ओली, दांडा दोन हातांनी धरलेला, आणि दुसऱ्या टोकाला हातभर मासा. दोघंही मागे हटेनात. फरशीवर ते दाणे तसेच होते, ओळींनी, आतून उजळलेले.

‘थांबा,’ बारकी म्हणाली. ‘नेऊ नका.’

तो थांबला, पण जाळी तशीच राहिली. त्याने चांगुलपणाने समजावलं. यांतून काही होणार नाही, ताई. दोन दिवसांत पांढरी पडतील. मग ती स्वतःच खाऊन टाकेल. मला वाटलं, तुम्हाला वाटेल पिल्लं होतील.

‘नाही वाटत तसं,’ बारकी म्हणाली. ‘खाऊ दे ना. स्वतःच्या घरी बसून खाऊ दे.’

बोलून झाल्यावर तिला कळलं की ती आईकडे बघत होती. आईने पर्स काखेतून काढून टाकीच्या झाकणावर ठेवली, तिथे बाबांचा चष्मा असायचा, आणि दुकानदाराला म्हणाली, ‘बाळंतिणीला वॉर्ड बदलायला लावायचा नसतो. मलाही कुठे घाई आहे. चहा घेणार ना?’ आणि ती आतल्या खोलीत गेली. बारकी आणि दुकानदार पिंपातलं पाणी मगाने पुन्हा टाकीत ओतत होते तेव्हा आतून एक आवाज आला, लांबलचक, खरखरीत, वरच्या पट्टीत चढत जाणारा. मग पुन्हा. मग पुन्हा. चिकटपट्टी उपसल्याचा. बारकीचे कान आयुष्यभर आवाजांना नावं देत आले होते, आणि याला काय नाव द्यावं ते तिला सुचलं नाही. पण तो तिने शेवटच्या खोक्यापर्यंत ऐकला.

अंडी पांढरी पडली. साहेबांनी आणखी एक दिवस त्यांना वारा घातला, मग एका दुपारी सगळी खाऊन फरशी मोकळी केली, आणि संध्याकाळी अंगावर पिवळं घेऊन काचेशी हजर. बारकी कामावरून परस्पर तिकडे गेली होती. चिमटा सापडला होता, पातेल्यांच्याच खोक्यात. तिने कोळंबी धरली, तशी साहेबांनी पाण्याच्या वर चांगलं वीतभर उसळून ती चिमट्यासकट ओढली, चिमटा तळाला गेला, पाणी बारकीच्या चष्म्यावर, गळ्यात, तोंडातसुद्धा. आई आतून म्हणाली, जेवले का? साहेबांना ती अजून साहेबच म्हणत होती आणि जेवलेच म्हणत होती. हुद्दा काही अंडी घातली म्हणून जात नाही, असं तिचं मत पडलं. पुढच्या महिन्यात दुकानदार नर दाखवायला आणणार होता. या वेळी तरी शेपटी वर करून नीट बघून आणा, असं आईने त्याला बजावलं होतं, आणि त्यासाठी दगड सगळे हलवावे लागतील, तर बारकीने सुट्टी काढावी, पाण्याचा हिशेब ती स्वतः ठेवेल.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी दवाखान्यात एक निवृत्त बसचालक आले. आयुष्य इंजिनाशेजारी गेलेलं, दोन्ही कान गेलेले; सोबत बायको, तिने सवयीने आधीच घसा ताणायला सुरुवात केलेली. त्यांना पहिल्यांदा यंत्र बसवायचं होतं. बारकीने ते कानांमागे अडकवलं, संगणकाशी जोडलं. इथून पुढे काहीतरी बोलत राहावं लागतं, म्हणजे आवाज किती चढवायचा ते ठरवता येतं. त्यासाठी ठरावीक वाक्यं होती: आज हवा चांगली आहे, टेबलावर पुस्तक आहे. ती इतकी वर्षं हीच म्हणत आली होती. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, माझ्या वडिलांनी एक मासा पाळला होता. म्हातारे तिच्या ओठांकडे बघत राहिले. वडील कवळ्या बनवायचे, ती म्हणाली, आणि आवाज एक घर वर नेला. माशाला ते साहेब म्हणायचे. पिशवीतून पहिल्यांदा काढला तेव्हापासून. ती सांगत गेली. रजेचा अर्ज, शेजाऱ्यांच्या शेपट्या, जास्तीचा जबडा. वडील गेले, हेही तिने सांगितलं, साध्या आवाजात, टेबलावर पुस्तक आहे असं सांगावं तसं, आणि ते वाक्य खोलीत मावलं. मग साहेबांनी जेवण सोडलं. मग आईला चावले. चालक आता ओठांकडे बघत नव्हते. कुठेतरी खिडकीकडे, मान थोडी वाकडी करून, रस्त्यावर लक्ष असल्यासारखे. फरशी, विजेरी, ओळीने बसवलेले दाणे. ‘साहेब बाई निघाल्या,’ बारकी म्हणाली, आणि म्हातारे हसले. बायकोच्या आधी हसले. बायकोने दचकून त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला.

‘मग? देऊन टाकला की काय?’ त्यांनी विचारलं.

‘नाही, नाही,’ बारकी म्हणाली. तिला अजून दुकानदार सांगायचा होता, त्याची ती ठेवण सांगायची होती, लिंबं सांगायची होती. ‘तिथेच आहे, घरी. आईही तिथेच आहे. आता तर आम्ही तिच्यासाठी नर आणतोय.’

चालकांनी दोन्ही हात वर केले.

‘जरा हळू बोला, बाई,’ ते म्हणाले. ‘मला ऐकू येतंय.’